हसता हसता कबूल

प्रेमाच्या सिनेमाविषयी शिक्षकाने लिहावे, आणि तेही उर्दू शाळेच्या शिक्षकाने, हे आमच्या बीड जिल्ह्यात पुष्कळांना रुचणार नाही. लिहायचेच असेल तर मौलाना आझादांवर लिहा, सर सय्यदांवर लिहा, असा सल्ला आम्हांला शाळेतच मिळाला. सल्ला वाईट नाही. पण सई परांजपे यांचा ‘चश्मेबद्दूर’ आम्हांला मनापासून आवडतो, आणि अशा हसऱ्या प्रेमकथांना आमच्या मोहल्ल्यात फारच हलके लेखले जाते. म्हणून एकदा त्यांची बाजू मांडावी असे वाटले.

नावापासूनच सुरुवात करू. चश्म म्हणजे डोळा, बद म्हणजे वाईट. चश्म-ए-बद दूर, म्हणजे वाईट नजर लांब राहो. आमच्या घरात अम्मी मीठ-मिरच्या उतरवून विस्तवात टाकतात, शेजारच्या काकू त्यालाच दृष्ट काढणे म्हणतात. मिरच्यांचा ठसका दोन्ही घरांत सारखाच. मराठीतला ‘चष्मा’सुद्धा या चश्मचाच. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा, असे बी.एड.ला शिकवतात. फारसी शब्द शिकवताना मुलांच्या नाकावरचा चष्मा आमच्या फार कामी येतो.

सिनेमा १९८१ चा. तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. आम्ही तो पाहिला टीव्हीवर, नंतर मोबाइलवर कितीदा तरी. दिल्लीत एका खोलीत तीन विद्यार्थी राहतात. सिद्धार्थ अभ्यासू, ओमी आणि जोमो उनाड. नेहा नावाची मुलगी दिसताच हे दोघे तिच्यावर छाप पाडायला जातात, फजीत होऊन परततात आणि खोलीवर येऊन आपण कसे जिंकलो याच्या थापा मारतात. या थापा पडद्यावर स्वप्नासारख्या उलगडतात. गाणी, बगीचे, शेरोशायरी, सगळा हिंदी सिनेमाचा थाट! पुढे ‘चमको’ पावडर विकायला आलेली तीच नेहा सिद्धार्थला भेटते आणि त्यांचे खरेच जुळते. मग मित्रांच्या पोटात दुखू लागते. ते तिच्याविषयी नाही नाही ते सांगतात, आणि सिद्धार्थ विश्वास ठेवतो. पुढे मित्रांना पश्चात्ताप होतो, ते खोट्या अपहरणाचा बेत करतात, तो खराच होऊन बसतो आणि शेवटी सगळे गोड होते.

यात एक लल्लनमियाँ आहेत. सईद जाफरींनी रंगवलेले पानाच्या टपरीचे मालक. त्यांची चिंता एकच, या पोरांकडची उधारी वसूल कशी होणार! पडद्यावरचा मुसलमान आम्ही नवाब म्हणून पाहिला, हीरोसाठी जीव देणारा दोस्त म्हणून पाहिला, नंतर बॉम्ब घेऊन पळतानाही पाहिला. उधारीच्या वहीत डोके घालून बसलेला, पोरांवर चिडणारा आणि वेळेला धावून जाणारा शेजारी मात्र क्वचितच पाहिला. असा माणूस विनोदी सिनेमातच मावतो, कारण तिथे कुणाला कसले प्रतीक व्हावे लागत नाही.

आता ‘चौदहवीं का चाँद’ आठवा. १९६० चा, गुरुदत्त आणि वहिदा रहमान यांचा, लखनौच्या वातावरणातला. तिथेही दोस्ती आणि मध्ये एक मुलगी. नवाब जिच्यावर भाळला तीच आपली बायको निघाली हे अस्लमला कळते आणि तो दोस्तीसाठी तिचा त्याग करायला निघतो. अखेर नवाबच प्राण देतो. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी या सिनेमाने आजही हळवी होतात. पण एवढ्या कुर्बान्या चालल्या असताना जमीलाला काय हवे आहे, हे विचारायची कुणाला आठवण होत नाही.

आमच्या गझलेतही हेच आहे. वली आणि सिराज ही दोन मोठी नावे शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादची. त्यांचा वारसा आम्ही अभिमानाने शिकवतो. पण गझलेत आशिक बोलतो, रडतो, जळतो. माशूक बहुधा गप्प. शोकांतिका तिच्या गप्प राहण्यावर उभी राहू शकते. हसऱ्या प्रेमकथेचे तसे नाही. नायिका मनापासून ‘हो’ म्हणत नाही तोवर ही कथा संपूच शकत नाही. आमच्या निकाहात ईजाब आणि कबूल असतात, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने स्वीकारायचे. मुलीची रजामंदी नसेल तर निकाह कसला? रोमँटिक कॉमेडी म्हणजे या ईजाब आणि कबूलच्या मधला दोन-अडीच तासांचा गोंधळ, अशी आमची साधी व्याख्या आहे.

एका मोकळ्या तासाला आम्ही नववीच्या वर्गाला ही गोष्ट सांगितली. ओमी-जोमोच्या थापांवर मुले बाके बडवून हसली. सिद्धार्थ मित्रांचे ऐकून नेहाला तोडतो तिथे मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, उस लडकी को किसीने पूछा क्या नई?” वर्ग शांत झाला. आम्ही म्हणालो, “पूछना था ना?” ती म्हणाली, “हौ.”

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांमागे ४० हून अधिक जणींचे लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती जोडीवर. लवकर लग्न लावण्याचे हे एक कारण. तोडीला न जाणाऱ्या घरांत कारणे वेगळी असतात: गरिबी, हुंडा, लोक काय म्हणतील. पण नववीच्या हजेरीपटावरचे नाव दहावीत गायब होते ते दोन्हीकडे सारखेच.

सिनेमाने हे थांबेल असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. त्याला शाळा लागते, वसतिगृह लागते, कायदा लागतो, आईबापांच्या हाती दोन पैसे लागतात. पण पडद्यावर दारोदार पावडर विकून कमावणारी, थट्टा करणारी, आवडला तर आवडला म्हणणारी मुलगी पाहिली की निदान एवढे मनात बसते, की अशा बाबतीत मुलीला विचारायचे असते. स्वप्न बघायला हा सिनेमा मनाई करत नाही. स्वप्न आणि थाप यांतला फरक तेवढा हसवून दाखवतो.

असल्या सिनेमांनी पोरी बिघडतात, असे आम्हांला नेहमी ऐकवले जाते. आमचा अनुभव असा, की आपल्याला विचारले जाणार हे ज्या मुलीला ठाऊक असते, तिला ‘हौ’ म्हणता येते आणि वेळ आली तर ‘नई’सुद्धा म्हणता येते. या ‘नई’साठी तरी, आमच्या मते, हे सिनेमे घरात सगळ्यांनी मिळून पाहावेत.