बसला विचारायची किल्ली

मंडळी, इथल्या बसस्टॉपच्या खांबावरचा पाच आकडी नंबर तुम्ही कधी नीट पाहिलाय का? गेल्या वर्षी आई मुक्कामाला आली आणि टेक्का मार्केटच्या तिच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या घरात तो तोंडपाठ झाला. तिचे गुडघे दुखतात, स्टॉपवर फार वेळ उभं राहवत नाही, आणि फोनवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचणार नाही हा तिचा निश्चय. म्हणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर वीसेक ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला. बस किती मिनिटांत येतेय ते तो ठळक मराठीत दाखवतो.

ही माहिती लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी ‘डेटामॉल’मधून फुकट देते. नाव नोंदवलं की एक ‘अकाउंट की’ मिळते. दर वेळी विचारताना स्टॉपचा नंबर पत्त्यात घालायचा आणि की हेडरमध्ये, पाकिटावर आपण ‘प्रेषक’ लिहितो तशी. उत्तरात पुढच्या तीन बसच्या वेळा येतात, शिवाय गर्दीही: ‘एसईए’ म्हणजे बसायला जागा, ‘एसडीए’ म्हणजे उभं राहायचं, ‘एलएसडी’ म्हणजे ही सोडलेली बरी. आईला वेळेपेक्षा हेच मोलाचं. जागा नसेल तर ती खुशाल घरी बसून कोथिंबीर निवडते, आणि पुढच्या बसनं एकटी जाते. आधी कुणाला तरी सोबत न्यावं लागे, ते तिला मुळीच आवडत नसे.

“अरे, बसची वेळ सगळ्यांनाच सांगतात ना? मग किल्ली कशाला?” तिनं विचारलं. प्रश्न रास्त आहे! ही किल्ली दारापेक्षा ओळखीसाठी. एखादा प्रोग्राम बिघडून सेकंदाला हजारदा विचारू लागला, तर तेवढ्याचीच किल्ली बंद करता येते. सर्व्हरनं ४०१ म्हटलं तर समजावं, ‘तू कोण?’; ४०३ म्हणजे ‘ओळखलं, पण परवानगी नाही.’ लँड ऑथॉरिटीचा ‘वनमॅप’ तर आणखी कडक, त्याचं टोकन तीन दिवसांत शिळं होतं.

आता चिरंजीवांना हा प्रोग्राम मित्रांना द्यायचाय. जरूर दे म्हटलं. किल्ली त्यात नाहीच; ती कॉम्प्युटरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असते, प्रोग्राम चालताना तिथून उचलतो. प्रोग्राम गावभर फिरतात, आणि गिटमध्ये एकदा गेलेली किल्ली नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत राहते. मग नवी घेण्यावाचून गत्यंतर नाही. मित्रांनी आपापली मागावी, पैसे थोडेच पडतात! दोघांनी मागितलीही, त्यांच्याकडेही आजी यायच्या आहेत.