चोवीस हातांतील दोरी

चित्रकलेच्या अभ्यासासाठी एक उन्हाळा इटलीतील सिएना या गावी काढण्याचा योग मला आला. तेथील नगरभवनात एक दालन आहे. एके काळी नगराचा कारभार पाहणारे नऊ पंच तेथे बसत. आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये त्याच्या तीन भिंतींवर सुराज्याची व कुराज्याची चित्रे रंगविली. म्हणजे पंचांनी मान वर केली, की ती दिसलीच पाहिजेत!

सुराज्यात गवंडी घर बांधीत आहेत, तरुण मंडळी फेर धरून नाचत आहे. कुराज्यात शस्त्रे घडविणाऱ्याखेरीज कोणाचाच धंदा चालत नाही. पण माझी दृष्टी खिळली ती एका दोरीवर. न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेली ती दोरी चोवीस नागरिकांच्या हातांतून राज्यकर्त्यापर्यंत जाते. तिने कोणी बांधला गेलेला नाही. सर्वांनी ती आपण होऊन धरली आहे. कुराज्याच्या भिंतीवर मात्र शिंगे असलेल्या जुलमी सत्ताधीशाच्या पायांशी न्यायदेवताच जखडून पडली आहे.

त्याच उन्हाळ्यात आम्हांला व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा सायकलचोरीवरील प्रसिद्ध चित्रपट दाखविण्यात आला. त्याआधी दोनच वर्षे, २ जून १९४६ रोजी, इटलीतील स्त्रीपुरुषांनी मतदान करून राजेशाही संपविली होती. दोरी आता सर्वांच्या हाती आली होती म्हणावयाची! पण चित्रपटातील गरीब माणसाची सायकल चोरीस जाते. तिच्यावाचून त्याची नोकरी टिकणार नाही, आणि पोलिस तक्रार लिहून घेऊन मोकळे होतात. ती भूमिका करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा खरोखरीच कारखान्यातील कामगार होता. त्याचा चेहरा पाहताना मी मनातल्या मनात त्याला त्या चोवीस नागरिकांत शोधीत राहिलो. त्यांचे पोशाख मात्र उंची होते.