'टू'च्या पुढचं आयएनजी

मंडळी, आज राजकारण नाही. आज थोडं इंग्रजी व्याकरण. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या शाळांचाच आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा हातात आणि एका इंग्रजी दैनिकात मुलाखत. अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, 'आय यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर'. म्हणायचं होतं, दबावाखाली काम करायची मला सवय आहे. समोरच्या साहेबांनी त्या ओळीवर पेन टेकवलं नि विचारलं, "मग आता का सोडलं?" कारण त्या वाक्याचा अर्थ होतो, 'पूर्वी करायचो'. सवय सांगायला 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग' हवं. एक 'ॲम' आणि एक आयएनजी. नोकरी त्यामुळेच गेली असं नाही म्हणणार, पण पुढच्या प्रत्येक उत्तराला जीभ अडखळली. एसटीतून परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवणारी पिढी. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. वाटलं, पोरांचं तरी हे दुखणं जाईल. परवा रात्री माझी दहावीतली मुलगी यादी घोकत बसली होती. लुक फॉरवर्ड टू, बी यूज्ड टू, कान्ट हेल्प, वर्थ, बिझी, इट्स नो यूज... या सगळ्यांपुढे आयएनजी. विचारलं, का गं? म्हणाली, "पप्पा, असंच असतं. पाठ करायचं."

म्हटलं, 'टू'च्या पुढे 'टी' म्हणजे चहा ठेवून बघ. 'आय ॲम यूज्ड टू टी' चालतं, 'आय वाँट टू टी' चालत नाही. जिथे नाम चालतं, तिथे क्रियापदालाही नाम होऊन यावं लागतं. तेच आयएनजी. आपलंही तसंच आहे की. चहाची सवय, लिहिण्याची सवय. दिवाळीची वाट बघतो, भेटण्याची वाट बघतो. 'वर्थ रीडिंग' म्हणजे वाचण्यासारखं. आणि 'तो बोलायला थांबला' म्हणजे 'स्टॉप्ड टू टॉक', 'तो बोलायचा थांबला' म्हणजे 'स्टॉप्ड टॉकिंग'. तिला हसू आवरेना. म्हटलं, हे बघ, हेच तुझं 'कान्ट हेल्प लाफिंग'!

ती म्हणाली, "म्हणजे हे मला आधीपासून येतच होतं?"

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाहीये. पोरांना जे घरातून येतं, ते वर्गाच्या दारात चपलांसारखं काढून ठेवायला लावतो आपण. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं म्हणजे कमीपणा, असं आपणच ठरवलं. मग मराठी शाळेतून काढून पोराला इंग्रजी माध्यमात घालतो, आणि तिथेही तीच यादी, तेच पाठांतर. सगळा दोष मास्तरांना देऊन चालणार नाही. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती. मास्तर कायम 'बिझी', आणि त्या 'बिझी'पुढे आयएनजी कुठलं? तर 'फिलिंग फॉर्म्स'!

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत शौचालय, पोषण आहार याबद्दल जरूर विचारा. सोबत एवढंही विचारा: इंग्रजीच्या तासाला आमच्या पोरांनी मराठीत 'का?' विचारलं, तर चालतं का?