सोलापुरात चित्रांच्या भिंतीसमोर

सोलापूरला आपली माणसे जातात ती लग्नाला, चादरी घ्यायला, नाहीतर गुलबर्ग्याला हजरत बंदेनवाजांच्या दर्ग्यावर जाताना वाटेत थांबायला. चित्रे पाहायला सोलापूरला निघालो म्हटल्यावर शेजारी हसले. पण आमची मुलगी नववीत आहे. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. खालाच्या घराजवळच्या छोट्या कलादालनात गावातल्याच चित्रकारांचे प्रदर्शन लागणार असे कळले, तेव्हा आम्ही सगळेच निघालो.

कलादालन म्हटल्यावर मुंबईचे जहांगीर डोळ्यांसमोर आणू नये. एक लांबट खोली, पांढऱ्या भिंती, वर दिवे आणि नजरेच्या उंचीवर टांगलेली पंचवीस-तीस चित्रे. तिकीट नाही. उद्घाटन सहाचे होते, पाहुणे पोहोचले पावणेसातला. तोवर मगरिबची वेळ झाली. आम्ही जवळच्या मशिदीत नमाज अदा करून परतलो, तेव्हा कुठे फीत कापली जात होती. मग शाल, पुष्पगुच्छ, भाषणे आणि चहा. भाषणे मराठीत, पण कोपऱ्यातल्या गप्पा तेलुगू, कन्नड आणि आपल्या दखनीत. सोलापूरचे हे वैभव कुठल्याही चौकटीत मावणारे नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी माणसे भेटतात, चित्रे दिसत नाहीत. म्हणून वाचकांना आमचा सल्ला असा की, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. गर्दी नसते. चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि कुणी विचारले तर त्याला आनंदच होतो. चित्राच्या बाजूच्या कागदावर लाल टिकली दिसली तर ते विकले गेले असे समजावे. दाराजवळ अभिप्रायाची वही असते. तिच्यात नुसते ‘छान’ न लिहिता कोणते चित्र का आवडले ते लिहावे. मुलांना बोट न लावता पाहायची सवय लागते, हाही फायदाच.

दुसऱ्या सकाळी आम्हाला भेटले ते एक वयस्कर गृहस्थ. आयुष्यभर चादरींची नक्षी काढली, आता कागदावर रंगवतात. त्यांनी मुलीला चौकटीचा कागद काढून दाखवला. चादरीवरचे फूल आधी या कागदावर उतरते. एकेक चौकट भरायची, म्हणजे कुठला धागा वर आणि कुठला खाली ते ठरते. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात, त्या पट्ट्या जकार्ड मागावर चढतात आणि भोकांप्रमाणे धागे उचलले जातात. ज्या चादरी आपण लग्नात आहेर म्हणून देतो, त्यांच्या मागे असा एक चित्रकार असतो. त्याचे नाव चादरीवर नसते.

घरी परतल्यावर खालाने तो प्रश्न काढला, जो आपल्या बहुतेक घरांत निघतो. मुलीने हे शिकावे का? तस्वीर काढणे आपल्यात चालते का? प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, आणि बहुतेक उलमा ते गांभीर्याने घेतात. पण त्याच संग्रहात अशीही रिवायत आहे की, चित्रांवरच पोट असलेला एक माणूस आला, तेव्हा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली. म्हणजे हात थांबवायला सांगितले नाही, दिशा दिली. शिक्षणासाठी, ओळखपत्रासाठी काढलेल्या चित्रांबद्दल आजच्या उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. आपापल्या आलिमांना विचारावे, पण मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेण्याआधी विचारावे.

या दिशेने किती दूर जाता येते ते पाहायचे असेल तर सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर आहे. तिथला इब्राहिम रोजा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच्या भिंतींवर दगडात कोरलेले खत आहे आणि खिडक्यांच्या जाळ्यांतही अक्षरेच आहेत. उजेड अक्षरांमधून आत येतो. एकही चेहरा नाही, तरी पाहणारा तासभर हलत नाही.

आणि दुसरी वाट पंढरपूरची, जिल्ह्यातलीच. १९१५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तिथे झाला. आई झैनब ते तान्हे असतानाच वारल्या. आईचे एकही छायाचित्र उरले नाही. पुढे त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया पुष्कळदा नऊवारीत दिसतात आणि मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत चेहऱ्याची जागा मोकळी राहते. बडोद्याच्या मदरशात ते कूफी खत शिकले. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणी बनवली. १९५४ चे त्यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले.

त्यांची सगळीच चित्रे सगळ्यांना रुचली नाहीत. देवीदेवतांच्या चित्रांवरून खटले झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये काही खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. आपल्यातल्या उलमांनी २००४ मध्ये ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या एका गाण्यावर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी चित्रपटच मागे घेतला. २०१० मध्ये ते कतारचे नागरिक झाले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांचा मार्ग आपल्या मुलांनी घ्यावाच असे आम्ही म्हणत नाही. पण पंढरपूरच्या एका मुलाचा हात कुठवर गेला, हे मुलांना माहीत असावे.

खाला शेवटी म्हणाली, “शिकू दे, पण नमाज सोडायची नाही आणि दहावी चांगली व्हायला हवी.” मुलीच्या अब्बांचा अजून पूर्ण होकार नाही. कलाशाखेत गेलेल्या मुलीचे पोट कसे भरणार, हा त्यांचा सवाल खरा आहे, आणि त्याचे उत्तर एका प्रदर्शनात मिळत नाही. तूर्त मुलीने चौकटीच्या कागदाचा एक गठ्ठा आणला आहे. खालाच्या घरातल्या जुन्या चादरीचे फूल ती त्यावर उतरवते आहे, एकेक चौकट मोजून.