ओला फडका

माझ्या अब्बांकडे एक जुनी मोटार आहे. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. १९८६ सालची, मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. एके काळी अशा मोटारी गावोगाव दिसत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही बहुतेक पद्मिनीच होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आमची मोटार मात्र नागपुरात, मोमिनपुऱ्यात, घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभी असते. अब्बा रोज सकाळी तिच्यावरची पाने झाडतात.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून अब्बा मोटार चालवत नाहीत. मी चालवते. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे मोटारीतले मला थोडेफार कळते, असे मला वाटत असे.

सकाळी किल्ली फिरवली की मोटार लगेच सुरू होई. चालतानाही ती कधी कुरकुर करत नसे. पण उन्हाळ्यात, लांबून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे उभी केली, की ती रुसे. नागपूरचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंशांवर चढतो.

अशाच एका दुपारी मी अम्मीला सदरमधल्या डॉक्टरांकडे नेले. तिला ताप होता. औषध घेऊन आम्ही बाहेर आलो. मी किल्ली फिरवली. इंजिन घरघरले, पण सुरू होईना. मी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. उन्हात बसून अम्मीला घेरी आली. शेवटी रिक्षा करून मी तिला घरी आणले. संध्याकाळी मोटार आणायला गेले, तर ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली!

भाईजान रागावले. म्हणाले, "आता हिला भंगारात काढा." दुसऱ्याच दिवशी भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. अब्बा काहीच बोलले नाहीत. पण त्यानंतरच्या सकाळी त्यांनी मोटारीवरची पाने झाडली नाहीत.

मला ते पाहवेना. मी भाईजानकडे आठ दिवसांची मुदत मागितली. शाळेला सुट्टीच होती.

आधी मी नवी बॅटरी बसवली. उपयोग झाला नाही. मग मिस्त्रींनी इग्निशन कॉइल बदलली. तरी तेच. पैसे मात्र खर्च झाले. तेव्हा अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवून पाहा."

मला हसू आले. मी म्हटले, "अब्बा, मोटारीला काय ताप आला आहे?"

"ताप नाही तर काय?" अब्बा म्हणाले.

मी त्यांचे ऐकले नाही. वही घेऊन बसले. इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : ते फिरवायला बॅटरी, ठिणगी आणि पेट्रोल. मोटार गरम करून आणली, बंद केली आणि एकेक गोष्ट तपासली. इंजिन जोरात फिरत होते. मिस्त्रींनी ठिणगी काढून दाखवली. तीही चांगली होती. मग माझे लक्ष पेट्रोलच्या नळीवरील पारदर्शक फिल्टरकडे गेले. त्यात पेट्रोल जवळजवळ नव्हते. नुसते बुडबुडे होते!

आता उलगडा झाला. मोटार चालते तेव्हा पंखा फिरतो, रेडिएटरचे पाणी खेळते, वारा लागतो. मोटार थांबली की हे सारे थांबते. पण इंजिनातली उष्णता कुठे जाणार? ती शेजारच्या पंपात आणि नळीत शिरते. पेट्रोल पाण्यापेक्षा खूप लवकर उकळते. त्याची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. वाफ वाट अडवून बसते. विलायतेतल्या एमजी, ट्रायम्फसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारनाही हा त्रास होतो, कारण त्यांच्या ठेंगण्या बॉनेटखाली उष्णता कोंडते.

मी मुकाट्याने फडका भिजवला, पिळला आणि फक्त पंपावर ठेवला. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतले, तर ते तडकू शकते. पाच-सात मिनिटे थांबून किल्ली फिरवली. मोटार सुरू झाली.

फडक्यातले पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी असेच गार होते. आमच्या घरातला कूलर असाच चालतो. तापात अम्मीच्या कपाळावर मी असाच फडका ठेवला होता. दहा वर्षे मी मुलांना बाष्पीभवन शिकवत होते, आणि अब्बांच्या बोलण्यात ते मला ओळखता आले नव्हते!

पुढे मिस्त्रींनी पेट्रोलची नळी धुराच्या गरम पाइपापासून दूर नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा केला. आठव्या दिवशी भरदुपारी आम्ही कामठीला खालाच्या घरी गेलो. भाईजान मुद्दाम बरोबर आले. पंधरा मिनिटे मोटार उन्हात उभी ठेवली. फडका तयार होता, पण तो लागला नाही. किल्ली फिरवताच मोटार सुरू झाली. भाईजान हसले. अब्बा एवढेच म्हणाले, "चल बेटा, अम्मी वाट पाहत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून पाने झाडल्याचा आवाज आला.

जूनअखेर शाळा उघडली. बाष्पीभवनाच्या पाठाला मी तो फडका वर्गात नेला आणि ही हकिकत सांगितली. एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, माझी नानी माठाला ओले गोणपाट गुंडाळते. तेही विज्ञानच का?"

"हो," मी म्हणाले, "आणि नानींना विचार, त्यांना आणखी काय काय येते."

स्वाध्याय
१. लेखिकेला अब्बांच्या बोलण्यावर हसू का आले?
२. मोटार थांबल्यावर पेट्रोलची वाफ का होते?
३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा एखादा उपाय पाच-सहा वाक्यांत लिहा.