वाट पाहणारे हात

'गाव करी ते राव न करी' ही म्हण खोटी आहे, असे म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. माझेही तसे म्हणणे नाही. परंतु माणसे वाढली म्हणजे काम आपोआप लवकर उरकते, असा जो अर्थ आपण तिच्यातून काढतो, तो तपासून पाहण्याजोगा आहे. मला तसे वाटण्यास एक क्षुल्लक निमित्त घडले.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ आम्ही घरच्या संगणकावर लावला. चित्र सारखे अडखळे. ओवाळणारे हात मध्येच थांबत आणि आवाज मात्र पुढे निघून जाई. वस्तुतः त्या यंत्राच्या प्रोसेसरला आठ कोअर, म्हणजे आठ कामकरी आहेत. भाच्याने त्यांच्या कामाचा आलेख पडद्यावर आणला. एक कोअर अगदी घायकुतीस आलेला आणि सात जवळजवळ स्वस्थ!

"हे आळशी नाहीत, मामा," तो म्हणाला, "वाट पाहताहेत."

कोणाची वाट? व्हिडिओतील प्रत्येक फ्रेम संपूर्ण लिहिलेली नसते. जागा वाचावी म्हणून बहुतेक ठिकाणी शेजारच्या फ्रेमहून काय बदलले, तेवढेच नोंदलेले असते. साहजिकच एक उलगडल्यावाचून दुसरी उलगडत नाही. काम वाटून देण्याच्या दोन रीती आहेत. एकाच फ्रेमचे तुकडे, म्हणजे स्लाइस, अनेकांना देणे ही पहिली. आमच्या यंत्रात हीच चालू होती. पण कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेम अखंड लिहिलेली, तेव्हा वाटणार काय? दुसरी रीत म्हणजे एकेकाला एकेक फ्रेम देणे. पुढच्याच्या वरच्या ओळी तयार होताच मागचा आपल्या कामास लागतो. सबंध फ्रेमसाठी खोळंबत नाही. आरंभी किंचित विलंब होतो, एवढेच. भाच्याने ही दुसरी रीत लावली आणि चित्र वाहू लागले.

१९६७ साली जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने या बाबतीतली मर्यादा दाखवून दिली. कामाचा दहावा हिस्सा जर एकट्यानेच करावा लागत असेल, तर आठ कामकरी लावूनही वेग आठपट होत नाही. तो पावणेपाचपटीच्याही आतच राहतो. हजार लावले, तरी दहापट होणे नाही.

हा हिशेब केवळ यंत्रांचाच आहे काय? त्या समारंभाच्या दिवशी स्वयंपाकघरात दहा बायका राबत होत्या. तरी आमटीत मीठ आणि मसाला किती, हे सांगण्यासाठी उत्सवमूर्तीलाच पाटावरून उठावे लागत होते. घरोघरी असे एक माणूस असते. आपण त्याच्या हाताखाली मदतीला माणसे देतो आणि कर्तव्य संपले असे समजतो. त्याने त्याचा भार हलका होत नाही. त्याची वाट पाहणारे मात्र वाढतात. खरी मदत म्हणजे जे त्या एकट्याजवळ आहे, ते चार जणांच्या हाती येईल असे करणे.

हल्ली माझी सून दुपारच्या वेळी आईजवळ बसून मसाल्यांची प्रमाणे वहीत उतरवून घेते. घरात हात एकही वाढलेला नाही. पण आई दुपारी निवांत झोपू लागली आहे.