रिसेल नसलेली गाडी

आपल्याकडे गाडी घेताना दोन प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते, आणि विकताना किती येतील? गाडी अजून शोरूममध्ये उभी असते, हार-पेढे यायचे असतात, आणि घरातलं वडीलधारं माणूस तिच्या निरोपाचा हिशेब मांडून बसलेलं असतं. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला फियाट लिनियाकडे उत्तर नाही. मी ती घेतली ती त्याच कारणाने. २०१० सालची, डिझेलवर चालणारी, कुणाला तरी दारातून हलवायचीच होती अशी.

लिनिया इटालियन खरी, पण माझ्या गाडीचा जन्म रांजणगावचा, महागणपतीच्या गावचा. टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात तयार होऊन हे मॉडेल जानेवारी २००९ मध्ये आपल्या बाजारात आलं. साडेचार मीटरहून लांब, रुंद खांद्यांची, होंडा सिटीच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून आणलेली साहेबी गाडी. लोक बघायला यायचे, दार लावून बघायचे, तो भरीव आवाज ऐकून मान डोलवायचे आणि होंडाच घ्यायचे. रिसेल!

आधीच्या पिढीची फियाट कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे फियाट ११०० बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. कारखाना गेला, कुर्ल्यातल्या रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं. स्टिअरिंगजवळच्या दांडीने गिअर टाकायचे, ती काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तीसुद्धा वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. ही गाडी मुळात इटलीची आहे, असं टॅक्सीत बसणाऱ्याच्या मनात कधी येत नसे. पोटापाण्याची गाडी होती, शेवटच्या खिळ्यापर्यंत वापरली गेली. मला तो हिशेब आवडतो.

आता आमच्या मोर्व्यात अशी गाडी ठेवणं म्हणजे काय, ते सांगतो. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या वाटेला लागलं, की मुर्धा, राई आणि मग मोर्वा. आजूबाजूला मिठागरं, कांदळवन, खाडी. ज्या वाऱ्यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं, तोच गाडीच्या पत्र्यावर बसतो. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गाडी खालून ओलसर राहते. दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सरचे क्लॅम्प, बॅटरीची अर्थिंगची पट्टी, सगळीकडे तांबूस पापुद्रे. अर्थिंग नीट नसलं की या गाड्यांचा डॅशबोर्ड वाट्टेल ते सांगू लागतो. एअरबॅगचा दिवा लागतो, इंजिनाचा लागतो, आणि खरं दुखणं असतं एक गंजलेला नट. तो घासून साफ केला की सगळे दिवे गुमान विझतात. म्हणून माझ्या घरी गाडी वरून कमी आणि खालून जास्त धुतली जाते. शेजारच्या काकांना हे उलटं वाटतं. पाहुणे वरूनच बघतात, असं त्यांचं म्हणणं.

इंजिनाची मात्र काळजी नाही. भाईंदरच्या फिटरने पहिल्यांदा बॉनेट उघडून मला धीर दिला, “घाबरू नका साहेब, आत स्विफ्टचंच इंजिन आहे.” खरं तर उलटं. स्विफ्टच्या आत फियाटचं इंजिन होतं. १२४८ सीसीचं हे मल्टिजेट मारुतीने परवान्यावर बनवलं, टाटांनी आपल्या गाड्यांत बसवलं, आणि मोटारींच्या मासिकांनी त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन ठरवून टाकलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्सचे नियम आले आणि ते थांबलं. पण फिल्टर, इंजेक्टर, टायमिंग चेन हे सगळं कळणारा माणूस आजही कुठल्याही नाक्यावर भेटतो. अडतं ते उरलेल्या गाडीचं. मागचा दिवा, काचेचा स्विच, दाराचं हँडल यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगार बाजार गाठावा लागतो. जिथे एकेकाळी नव्या फियाट बनत, त्याच कुर्ल्यात आता फियाटचे जुने अवयव मिळतात.

एवढं करून मिळतं काय? त्यासाठी घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट पाहावा. खड्डे असे, की पुढची नवी कोरी गाडी ब्रेक लावत, कुरकुरत चाललेली असते. लिनिया जड आहे आणि तो जडपणा तिथे उपयोगी पडतो. खड्डा ऐकू येतो, अंगाला लागत नाही. स्टिअरिंग हायड्रॉलिक, त्यामुळे पुढची चाकं कशावरून चालली आहेत ते तळहातांना समजतं. आजच्या विजेच्या स्टिअरिंगमध्ये ते मुकं झालंय. वळणात ती रस्ता सोडत नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली मात्र इंजिन सुस्त, आणि क्लच असा जड, की संध्याकाळच्या काशीमिऱ्याच्या गर्दीत डावा गुडघा आपलं वय सांगतो. शहरात चालवायची ही गाडी नव्हे, आणि माझा निम्मा प्रवास शहरातलाच. असो.

पंधरा वर्षं झाली की आरटीओत फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी, वर पर्यावरण कर. ते केलं की पुढची पाच वर्षं गाडी आपली. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची हद्द घातली गेली. इथे निदान गाडीची तब्येत पाहून ठरवतात.

विकताना किती येतील, हा गाडीला विचारला जाणारा प्रश्न आमच्या भागात हल्ली जमिनीलाही लागलाय. राई-मोर्व्याकडे मेट्रोची कारशेड येणार म्हटल्यावर गावांनी विरोध केला, ती पुढे उत्तनकडच्या डोंगरीला गेली. त्या दिवसांत नाक्यावर गुंठ्याच्या भावाशिवाय बोलणं नव्हतं. मिठागरात आता मीठ किती निघतं, हे कुणी विचारत नव्हतं. घर असो, गाडी असो, वस्तू हातात असतानाच आपण तिच्याकडे विकणाऱ्याच्या नजरेने बघतो. लिनियाने मला यातून सोडवलं. तिला भावच नाही. दारावर ओरखडा आला तर वाईट वाटतं, पण नुकसान होत नाही. ती उद्या कुणाला आवडेल याची फिकीर मला नाही, म्हणून ती मला हवी तशी चालवता येते.

तुम्हाला अशी गाडी घ्यायची असेल, तर डिझेलची घ्या. दिवसाउजेडी रॅम्पवर चढवून खालून बघा, सगळ्या काचा वर-खाली करून बघा, आणि मालकाशी किमतीचं बोलण्याआधी तिला हात लावायला तयार असलेला फिटर शोधा. तो मिळाला नाही, तर सरळ होंडा घ्या.